तपासणीच्या दिवशीचे डोळे

९ फेब्रुवारी

आई,

शेल्बी लिहितेय. सिस्टर व्हर्लीन, आईचं टपाल वाचायला तुम्ही चर्चमधून येताच; पाकिटावरचं नाव वाचून तुम्ही आईला विचारलं असेलच, "वाचू की टाकू?" आणि आई काहीच बोलली नसेल. ती बोलली नाही म्हणजे वाचा. एवढं मला अजून आठवतंय.

फोन केले होते, आई. माझा आवाज आला की तू ठेवतेस. पत्र तुला मध्येच ठेवता येणार नाही, कारण तुला दिसत नाही आणि ते दुसऱ्याच्या हातात असणार. म्हणून लिहितेय. माझं लिहिणं कसं आहे ते सिस्टरना माहीत आहे, दहावीनंतर शाळा सोडली ती सोडलीच. अडलं तर पुढे जा, सिस्टर. पण पान गाळू नका.

तुला नात आहे. जून नाव ठेवलं, आम्ही जूनी म्हणतो. पंधरा महिन्यांची झाली. बाप डॅरल. तो टेक्सासमध्ये पाइपलाइनवर असतो, पंधरा दिवसांनी दोन दिवस येतो आणि त्यातला एक झोपतो. माणूस वाईट नाही. जूनीची जिवणी तुझी आहे. रागावली की खालचा ओठ पुढे काढते आणि सगळं घर गप्प होतं. सध्या त्या ओठावर खपली आहे. खेळताना पडली. पोरं पडतातच.

आता खरं काय ते. मलापण काचबिंदू आहे, आई. तुझाच. एकोणीस वर्षांची असताना कळलं.

टल्साला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई आहेत, डॉक्टर हॉल्कम. साठीच्या असतील, चष्मा दोरीने गळ्यात लटकतो, बोलतात कमी. त्या डोळ्यातलं प्रेशर मोजतात. निळा दिवा जवळजवळ येतो आणि आपण श्वास धरतो, तुला आठवत असेल. माझं प्रेशर दर वेळी चांगलं येतं. चौदा. पंधरा. आणि तो दुसरा खेळ, डब्यात तोंड घालायचं आणि दिवा दिसला की बटण दाबायचं, त्यात दर वेळी माझं कमी कमी होतंय. डाव्या डोळ्याचं खालचं अर्धं गेलं. उजव्याचा कोपरा कुरतडलाय.

डॉक्टर म्हणाल्या, "मला हे जुळत नाही. प्रेशर असं चांगलं असताना डोळ्याची नस मरायला नको. डोक्याचा स्कॅन करून घेऊ."

मी म्हटलं, "डोक्यात काय असेल?"

"बहुतेक काही नाही."

ते 'बहुतेक' मी घरी घेऊन आले आणि अजून ते घरातच आहे.

गांजाचंपण विचारलं मी. माझ्यासाठी नाही, कामावरची एक आहे तिच्यासाठी. मी वृद्धाश्रमाच्या धुलाईत आहे, चादरी, टॉवेल, दिवसभर तेच. इथे आता चर्चपेक्षा गांजाची दुकानं जास्त झालीत. वर हिरवा क्रॉस असतो. पहिलं दुकान बघितलं तेव्हा मला वाटलं दवाखानाच आहे. सरकारी कार्ड काढलं की कोणालाही मिळतो. मी विचारलं, "त्याने काचबिंदू बरा होतो म्हणतात, खरं का? माझी मैत्रीण विचारत होती."

डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं. "मैत्रिणीला सांग, प्रेशर उतरतं हे खरं आहे. पण..."

त्या 'पण'नंतर त्या बराच वेळ बोलल्या. जूनी तेव्हा खाली बसून त्यांच्या खुर्चीचं चाक चाटत होती. तिला ओढण्यात माझं पुढचं ऐकायचं राहिलं.

स्कॅन अठ्ठावीस तारखेला आहे. प्रार्थना करायची तर कर. मी सांगितलं म्हणून नको करू.

शेल्बी


२ मार्च

आई,

उत्तर नाही. मी वाट बघत नव्हते. बघत होते.

स्कॅन झाला. नळीत घालतात आणि डोक्याशेजारी कोणीतरी पत्रा बडवतंय असं वाटतं. हलायचं नाही. अर्धा तास मी पडून जूनीच्या ओठाचा विचार केला. आणि ठरवलं, मागच्या पत्रातलं ते दुरुस्त करायचं.

ती खेळताना पडली नाही. मी तिच्यावर पाय दिला.

आमच्या ट्रेलरच्या घराला चार लाकडी पायऱ्या आहेत. मी कपड्यांची टोपली घेऊन उतरत होते आणि ती शेवटच्या पायरीवर बसली होती. लाल कोट घालून. लाल, आई. मला दिसली नाही. तिथे पायरी दिसत होती, नुसती लाकडाची पायरी. आंधळेपण काळं असतं असं लोकांना वाटतं. काळं असतं तर मी थांबले तरी असते. तुला माहीत आहे हे. तू एकदा म्हणाली होतीस, "जे दिसत नाही तिथे काही नसतंच, असं दिसतं." मी आठ वर्षांची होते आणि मला वाटलं तू बायबलमधलं काहीतरी सांगतेस.

डॅरलला मी 'खेळताना' असंच सांगितलंय.

आता दुसरं. सिस्टर व्हर्लीन, इथे तुमचं नाव येतं. तरी वाचा.

चार वर्षांपूर्वी सिस्टर आईला म्हणाल्या होत्या, "ओलीटा, तुला दिसत नाही म्हणून सांगते, पोरीचे डोळे पंधरा दिवस झाले लाल आहेत. माझा मेहुणा गांजा ओढायचा, त्याचे अस्सेच असायचे." मग तुम्ही दोघींनी माझा खण उपसला. मोज्यात बाटली सापडली, डोळ्यांच्या थेंबांची, लेबल मी खरडून काढलेली. सिस्टर म्हणाल्या, गांजावाले लाली लपवायला हेच घालतात, मेहुण्याच्या गाडीतपण असायची. आई, तू ती बाटली हातात घेतलीस, दोनदा फिरवलीस, पलंगावर ठेवलीस आणि म्हणालीस, "या घरात हे चालणार नाही. सामान भर."

मी गांजा ओढत नव्हते. मी तोपर्यंत कधीच ओढला नव्हता. ते काचबिंदूचे थेंब होते, महिनाभरापूर्वी मिळालेले. त्यांनीच डोळे लाल व्हायचे. तुझ्यापासून लपवले होते, कारण तुला कळलं असतं तर म्हणाली असतीस की माझ्यामुळे झालं. म्हणून मी गप्प राहिले. मग राग आला आणि आणखी गप्प राहिले. एकोणीस वर्षांची होते. सामान एका पिशवीत मावलं.

आता हसा. आता मी ओढते.

ती कामावरची मैत्रीण मीच. कार्ड माझ्याच नावाचं आहे. जूनी झाल्यावर मी थेंब पुन्हा सुरू केले होते, तीन बाटल्या, आणि जूनी अंगावर पिता पिता झोपायची. साधी झोप नाही. हलवली तरी उठेना, हात सोडला की खाली पडायचा. एकदा मी तिच्या तोंडापुढे चमचा धरला, वाफ येते का बघायला. मला वाटलं दुधातून माझे थेंब तिला जातायत. मी तिन्ही बाटल्या फ्रिजच्या मागच्या कप्प्यात टाकल्या. दोन दिवसांनी ती पुन्हा नीट रडायला लागली. त्या रडण्याइतका गोड आवाज मी ऐकला नाही.

कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाले असते, पोरीला विष पाजलं. या राज्यात बाया याहून कमी गोष्टींसाठी पोरं घालवून बसल्यात.

मग तिचं दूध सुटलं, आणि गांजाच्या दुकानातली ब्रँडी नावाची पोरगी म्हणाली, "अगं, काचबिंदू ना? हे तर त्यासाठीच आहे. झाडपाला आहे हा, केमिकल नाही." ब्रँडी वीस वर्षांची आहे आणि तिच्या नाकात तीन रिंगा आहेत. पण तिने माझ्याशी दहा मिनिटं नीट बोलून घेतलं, जे कोणी करत नाही. पहिल्यांदा ओढून तपासणीला गेले, प्रेशर चौदा. डॉक्टर म्हणाल्या, "छान, थेंब असेच चालू ठेव."

झालं. मला वाटलं चालतंय.

रोज नाही ओढत मी. जूनी असते, गाडी चालवायची असते. कधीतरी झोपली की. पण तपासणीच्या दिवशी न चुकता. अर्धा तास आधी पोचते. जूनीला गाडीत बांधून काच बंद करते, वाऱ्याच्या पलीकडच्या बाजूला उभी राहते, तिला मी दिसेन अशी. ती काचेवर हात मारते, मी हात हलवते. मग पुदिन्याची गोळी.

डॉक्टर विचारतात, "डोळे लाल आहेत गं?" मी म्हणते, "थेंबांमुळे."

शेल्बी


१७ मार्च

आई,

काल टल्साला जाऊन आले. पाय दुखतायत, काही न करता बसून दुखतायत. पण आज लिहिलं नाही तर मी ते आत कुठेतरी ठेवून देईन.

डॉक्टर म्हणाल्या, "डोकं स्वच्छ आहे. काही नाही."

मी म्हटलं, "रिकामं आहे असं शाळेतपण म्हणायचे."

त्या हसल्या नाहीत. चष्मा काढून दोरीवर सोडला आणि डोळे चोळले. डोळ्यांचा डॉक्टर डोळे चोळतो हे मी पहिल्यांदा बघितलं. "शेल्बी, मग मी कुठेतरी चुकतेय. वर्षभर तुझी नस माझ्यासमोर मरतेय आणि मी चांगले आकडे लिहून घेतेय. मला कळत नाही. मी तुला डॅलसला दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवते. माझ्याकडून काहीतरी निसटतंय."

आई, मला कोणी ओरडलं तर मी दगड होते, तुला ठाऊक आहे. पण ती बाई माझी माफी मागत होती. गांजा मी ओढला आणि माफी ती मागत होती. जूनी माझ्या मांडीवर होती, तिच्या टोपीच्या बंदाची मी गाठ मारली, सोडली, मारली.

मी म्हटलं, "तुम्ही नाही चुकत. आकडा चुकतोय."

"म्हणजे?"

"मी येताना ओढून येते. गाडीपाशी. दर वेळी."

त्या म्हणाल्या, "आज किती वाजता?"

"साडेआठला."

"आणि थेंब?"

"थेंब नाहीत. वर्ष झालं."

मला वाटलं आता दार उघडेल आणि कोणीतरी जूनीला न्यायला येईल. खरंच दाराकडे बघत बसले. डॉक्टर म्हणाल्या, "मला वास यायचा. पण वास काय, आता अर्ध्या गावाला येतो." मग घड्याळ बघून, "घरी जायची घाई आहे का? नाही? बस मग बाहेर. मी तुला परत परत बोलावते."

साडेनऊला प्रेशर पंधरा होतं. आम्ही बाहेर बसलो. जूनीने दोन केळी खाल्ली, एका म्हाताऱ्याची काठी घेतली, दिली, घेतली. साडेअकराला बावीस. ती माझ्या पायावर झोपली. दीडला डॉक्टरांनी स्वतः मोजलं, परत मोजलं, आणि आकडा माझ्याकडे फिरवला. चौतीस.

"हा तुझा खरा आकडा," त्या म्हणाल्या. "तू मला पंधरा दाखवून घरी जातेस आणि रस्त्यात हा सुरू होतो. आणि मग रात्रंदिवस हाच. मला हा कधी भेटलाच नाही."

मी म्हटलं, "मग जास्त वेळा ओढते. रोज."

"किती वेळा? तीन-चार तास टिकतं ते. म्हणजे दिवसरात्र मिळून सात-आठ वेळा, झोपेतून उठूनसुद्धा. मग गाडी कोण चालवणार? हिला कोण उचलणार?" त्यांनी जूनीकडे बोट दाखवलं. "आणि त्याने अंगातलं रक्ताचं प्रेशरपण खाली येतं. तुझी नस आधीच उपाशी आहे, तिचं उरलंसुरलं जेवण काढून घ्यायचं का?"

"आणि गांजाच्या त्या गोड गोळ्या मिळतात त्या?"

"त्याने तुला झोप लागेल. डोळ्याचं मी काही सांगू शकत नाही. काहींचं तर गांजाच्या तेलाने प्रेशर चढलेलं आहे."

"मग सरकार कार्ड कशाला देतं?"

"ते सरकारला विचार. उत्तर आलं की मलापण सांग."

मी त्यांना जूनीच्या झोपेचं सांगितलं. चमच्याचं. त्या एकदम खुर्ची पुढे घेऊन आल्या. "ते तुझं बरोबर होतं," म्हणाल्या. "त्यातली एक बाटली दुधातून जाते. तान्ह्या बाळाला वाईट. तू तिला वाचवलंस. पण एकच बाटली होती ती, शेल्बी. बाकीच्याचं आपण काहीतरी बघितलं असतं. एक फोन करायचा होतास."

एकच बाटली होती, आई. एक फोन.

आता राहिलं ते. थेंब त्यांनी कालच सुरू केले, पण डाव्या डोळ्याला ते पुरणार नाहीत. ऑपरेशन करायचं आहे, बुबुळाच्या वर बारीक वाट पाडून पाणी बाहेर काढायचं. गेलेलं परत येणार नाही. आहे ते ठेवायचं. आणि भूल देणाऱ्या माणसाला गांजाचं माहीत असायलाच पाहिजे, नाहीतर टेबलावर घोटाळा होतो.

त्या म्हणाल्या, "मला हे तुझ्या कागदात लिहावं लागेल. लिहिलं की ते राहतं. दुसरे वाचतील. तुला भीती कसली आहे ते मला कळतंय. म्हणून तुला विचारून लिहिते."

हात कॉम्प्युटरच्या बटणांवर ठेवून त्या थांबल्या. खरंच थांबल्या. मी नाही म्हटलं असतं तर काय केलं असतं माहीत नाही.

मी पायरीचा विचार केला. लाल कोट, आणि तिथे पायरी.

म्हटलं, "लिहा."

त्या लिहीत होत्या तेवढा वेळ मी जूनीचा पाय हातात धरून बसले. बूट कुठेतरी पडला होता, मोजा ओला होता. नंतर गाडी मी चालवली नाही. त्यांनी चालवू दिली नाही. डॅरल येईपर्यंत सहा तास आणखी बसलो. त्याला मी रस्त्यात सगळं सांगितलं, ओठाचंपण. तो म्हणाला, "पायऱ्यांना मी पिवळा रंग लावतो."

शेल्बी


३० मार्च

आई,

ऑपरेशन वीस एप्रिलला आहे.

कागदात लिहिलेलं वाचून काल दवाखान्यातून एक बाई घरी आली. गळ्यात कार्ड, पायात साधे, चपटे बूट. कोणाला दोष द्यायला आलेली नाही म्हणाली, म्हणजे कशाला आली ते कळलं. फ्रिज बघितला, जूनीचा पाळणा बघितला, पायऱ्यांवरचा ओला पिवळा रंग बघितला आणि त्यात पाय दिला. मी हसले नाही. ब्रँडीकडचा उरलेला डबा मी तिच्यासमोर ओतून टाकला. जूनी तिच्या मांडीवर जाऊन बसली, त्याचा उपयोग झाला असावा.

मग तिने कागद काढला. ऑपरेशननंतर चार आठवडे मला वाकायचं नाही आणि दुधाच्या मोठ्या कॅनपेक्षा जड काही उचलायचं नाही. जूनी अडीच कॅन आहे. बाई म्हणाली, "या चार आठवड्यांत मुलीला कोण बघणार? नाव लिहा. नातं लिहा." डॅरलला तीन दिवसच सुटी आहे. त्याची आई नाही. मी पेन धरून बसले. ती म्हणाली, "कोणीच नसेल तर तशी सोय आम्ही करतो."

ती सोय मला नको होती.

मी तुझं नाव लिहिलं. ओलीटा, आजी. तुला न विचारता.

तिने विचारलं, "त्यांना दिसतं ना नीट?" मी म्हटलं, "मला वाढवताना दिसत नव्हतं आणि मी एकदाही भाजले नाही." तिने काहीतरी लिहिलं. काय ते उलटं वाचता आलं नाही.

आता जे लिहिणार आहे ते कधी तोंडाने म्हटलं नसतं. तुझीपण बाटली होती. सिंकच्या वर, खिडकीत. दर सहा महिन्यांनी आपण फोर्ट स्मिथला डोळे तपासायला जायचो. त्या दिवशी सकाळी तू निळा चर्चचा झगा घालायचीस, लिपस्टिक लावायचीस आणि थेंब घालायचीस. डॉक्टर म्हणायचे, ओलीटा, छान चाललंय. मग बाटली परत खिडकीत, पुढच्या वेळेपर्यंत. एक बाटली वर्ष वर्ष चालायची. मी लहान होते पण मला दिसायचं. मला तेव्हा सगळं दिसायचं. थेंब घातले की तुझे डोळे लाल व्हायचे, आणि तुला भीती होती की चर्चमधल्या बाया म्हणतील, ओलीटा प्यायली.

सगळे म्हणतात थेंबांनी तुला गुण आला नाही. मीपण तेच सांगत आले.

मी तुला दोष द्यायला लिहीत नाही. दोष द्यायला मला जोरच नाही. आपण दोघींनी तेच केलं एवढंच. पाहुणे यायच्या दिवशी घर झाडलं.

ये. बोलू नकोस हवं तर. चार आठवडे माझ्याशी एक शब्द बोलू नकोस, फक्त तिला उचल.

सिस्टर, हे आईला वाचलंत की नाही ते मला कळायला रस्ता नाही. तुमच्याबद्दल मागे जे लिहिलं ते तुम्ही गाळलं असेल तर मी समजू शकते. पण हे पान गाळू नका. हात जोडते.

शेल्बी


१ मे

सिस्टर व्हर्लीन,

हे तुमचं पत्र आहे. कोणाला वाचून दाखवायचं नाही, एकटीने वाचा.

एका डोळ्यावर जाळीचं झाकण आहे, म्हणून ओळी वरखाली जातील. डोळ्यातलं प्रेशर काल अकरा होतं. गांजाशिवाय अकरा. डॉक्टर हॉल्कम यांनी मला दोनदा बघू दिलं.

त्या दिवशी तुम्ही आईला सोडायला आलात आणि गाडीतून उतरला नाहीत. मी दारात होते. तुम्ही बसल्या जागेवरून बॅग खाली ठेवलीत, वर मक्याचा ब्रेड फडक्यात बांधलेला, आणि गाडी वळवलीत. मला वाटलं तुम्ही रागावलात. दिवसभर तेच डोक्यात होतं.

आईने पायऱ्या पायाने मोजल्या, चार. आत आली, म्हणाली, "पोर कुठे आहे?" माझ्याशी तेवढंच. जूनीने तिचं नाक धरलं. आईने तिला उचलून तिचं वजन केलं, हातावर, भोपळ्याचं करतात तसं, आणि म्हणाली, "हिला कोणी म्हणालं असेल बारीक आहे, तर त्याला डोळे नाहीत." मी किती दिवसांनी हसले ते विचारू नका. टाक्यांना हसणं चालत नाही.

ती कागदवाली बाई परत आली होती. आई तिला म्हणाली, "तुम्ही दाराशी डावा बूट काढलात, उजवा काढला नाहीत. पोर टेबलाखाली आहे आणि तुमची चावी चघळतेय." बाईने खाली बघितलं. चावी काढून घेतली. गेली ती अजून आली नाही. येईल कदाचित. मला अजून नीट झोप लागत नाही.

थेंब आईच घालते. दिवसातून चार वेळा, रेडिओवरच्या बातम्यांच्या वेळेला. मला टाक्यांच्या डोळ्यात स्वतः घालता येत नाही. ती माझं डोकं मांडीवर घेते, करंगळी कपाळावर टेकवते, अंगठ्याने खालची पापणी ओढते. एकही बाहेर गेलेला नाही. जूनी शेजारी उभी राहून स्वतःचा डोळा ताणते, तिलापण हवा असतो.

परवा दुपारचा थेंब घालून झाल्यावर तिने बाटली हातात धरून ठेवली. दोनदा फिरवली. मला ते फिरवणं ओळखू आलं.

ती म्हणाली, "टोपणावर रेघा असतात. माझ्या बाटलीलापण होत्या. तुझ्या मोज्यातल्या बाटलीलापण."

मी डोळे मिटून पडले होते. तसं पडायचंच असतं, दोन मिनिटं.

"हाताला कळलं होतं मला त्या दिवशी," ती म्हणाली. "व्हर्लीन गांजा गांजा करत होती. मी म्हटलं, गांजाच असू दे. गांजा तुझा होता. दुसरं माझ्याकडून आलेलं होतं."

दोन मिनिटं झाली आणि गेली, मी तरी डोळे मिटूनच राहिले. तिने रुमालाने माझा कान पुसला. पाणी कानापर्यंत गेलं होतं. ते औषध आहे असं आम्ही दोघींनी धरलं.

हे तुम्हाला सांगायचं तिच्याकडून होणार नाही, म्हणून मी सांगते. ती म्हणाली की माझी चारही पत्रं तुम्ही वाचलीत. एक ओळ गाळली नाहीत. तुमच्या नावाचं पान वाचताना तुमचा आवाज तीनदा बंद पडला आणि तुम्ही तीनदा परत सुरुवातीपासून वाचलंत. आणि वाचून झाल्यावर म्हणालात, "ओलीटा, हे माझ्यामुळे झालं."

आई तेव्हा गप्प राहिली. तुम्ही त्या गप्प राहण्याचा अर्थ 'हो' घेतला असेल. तिच्या गप्प राहण्याचे अर्थ आपण दोघी आयुष्यभर लावत आलो, सिस्टर, आणि हा आपण चुकीचा लावला. तुमच्या बोलण्याने मी घराबाहेर गेले नाही. तुम्ही बोलला नसतात तरी ती बाटली तिच्या हाताला लागलीच असती कधीतरी.

अठरा मेला ती परत जाणार आहे. म्हणजे ती तसं म्हणते. न्यायला याल तेव्हा गाडी बंद करा आणि आत या. पायऱ्या चार आहेत, पिवळ्या. शेवटच्या पायरीवर बहुतेक कोणीतरी बसलेलं असेल. तुम्हाला दिसेल.

शेल्बी